बीदर-कलबुर्गीच्या आकाशातील विमाने : पाहण्याचा आणि टिपण्याचा इतिहास

बीदर आणि कलबुर्गी हे कर्नाटकाच्या ईशान्य टोकाचे, महाराष्ट्र आणि तेलंगणाला लागून असलेले दोन जिल्हे. दोन्हींकडे आज विमानतळ आहे, पण दोन्हींची जात वेगळी. बीदरची धावपट्टी भारतीय वायुदलाची आहे आणि तिच्या एका अंगाला प्रवाशांसाठी लहानशी इमारत आहे. कलबुर्गीचा विमानतळ मुळातच नागरी वाहतुकीसाठी बांधला गेला. विमाने पाहणे, त्यांची जात ओळखणे, त्यांच्यावरचे क्रमांक नोंदवून ठेवणे आणि त्यांचे फोटो काढणे हा छंद जगभर ‘प्लेन स्पॉटिंग’ या नावाने ओळखला जातो. या दोन जिल्ह्यांत विमाने डोक्यावर दिसू लागली फार पूर्वी. त्यांच्या जवळ जाता आले आणि त्यांचा फोटो उघडपणे काढता आला तो फार उशिरा. कोणत्या काळात कोणती विमाने दिसली आणि ती टिपण्याची मुभा कोणाला होती, या दोन प्रश्नांभोवती हा इतिहास फिरतो.

युद्धातून आलेला छंद

विमान ओळखण्याच्या पद्धतशीर विद्येला बळ मिळाले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक उंचावरच्या ठाण्यांतून आकाशावर नजर ठेवत. विमान कोणते, किती, कोणत्या दिशेला चालले आहे, हे ते दूरध्वनीने कळवत. त्यांच्या अभ्यासासाठी विमानांच्या काळ्या छायाकृती छापल्या जात : समोरून, बाजूने आणि खालून दिसणाऱ्या. १९४१ मध्ये ‘द एअरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिकच सुरू झाले. युद्ध संपल्यावर शत्रूचे विमान ओळखण्याची निकड संपली, तरी सवय सुटली नाही. वही आणि दुर्बीण घेऊन विमानतळाच्या कुंपणाशी उभे राहणाऱ्यांची एक पिढी तिथे तयार झाली आणि पुढे वहीच्या जोडीला कॅमेरा आला.

भारतात नागरी उड्डाणाची सुरुवात त्याआधीच झाली होती. मुंबईचा जुहू विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण विमानतळाच्या कडेला उभे राहून निवांत विमाने मोजावीत इतकी वाहतूक मुंबई, कलकत्ता, कराची अशा मोजक्या शहरांतच होती. दख्खनच्या पठारावर विमान आले ते मुख्यतः निजामाच्या संस्थानामार्फत.

संस्थानी काळ

बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानाचे नाव विमानांवर झळकले ते युरोपात. पहिल्या महायुद्धात निजामाच्या देणगीतून ब्रिटिश वायुदलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला डी. एच. ९ ए जातीची बाँबफेकी विमाने मिळाली. या प्रत्येक विमानावर देणगीदाराचा उल्लेख रंगवलेला होता आणि स्क्वॉड्रनच्या नावाला ‘हैदराबाद’ हा शब्द जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमाने चालवणाऱ्या १५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनलाही हेच नाव मिळाले. तिच्या बोधचिन्हावर निजामाचा शिरपेच होता. संस्थानातल्या खेड्यापाड्यांत विमान पाहिलेला माणूस विरळा असताना संस्थानाची विमाने जर्मनीवर जाऊन आली होती.

संस्थानात उड्डाणाचे मुख्य केंद्र हैदराबादचे बेगमपेठ. १९४५ मध्ये संस्थान आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली आणि डकोटा विमाने नियमित दिसू लागली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. बीदरची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. जागेची निवड समजण्यासारखी आहे. बीदर हे समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांहून अधिक उंचीचे, जांभ्या दगडाचे सपाट पठार आहे. पाणी चटकन निचरते, जमीन टणक असते आणि आजूबाजूला डोंगर नाहीत.

याच काळात बीदरच्या जुन्या इमारतींचे फोटो मोठ्या काळजीने काढले जात होते. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेले गुलाम याजदानी यांचा बीदरचा इतिहास आणि वास्तू यांवरचा सचित्र ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहमनी किल्ला, महमूद गवानाचा मदरसा, अष्टूरच्या कबरी या सर्वांची नोंद छायाचित्रांनिशी झाली. धावपट्टीच्या वाट्याला असा छायाचित्रकार येणे शक्य नव्हते. पुढच्याच वर्षी ती संस्थानाच्या सर्वांत गुप्त व्यवहारात ओढली गेली.

सिडने कॉटन आणि १९४८

भारत स्वतंत्र झाल्यावर निजामाने विलीनीकरण नाकारले. संस्थानाला समुद्र नव्हता आणि चहूबाजूंनी भारताचा प्रदेश होता, त्यामुळे शस्त्रे आणायची तर हवेतून. हे काम सिडने कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने अंगावर घेतले. लँकेस्टर या बाँबफेकी विमानापासून बनवलेली लँकास्ट्रियन ही मालवाहू विमाने १९४८ च्या उन्हाळ्यापासून रात्रीच्या अंधारात कराचीहून निघत आणि संस्थानातल्या धावपट्ट्यांवर उतरत. बीदर आणि वरंगळ ही नावे या प्रकरणात येतात. ब्रिटनमध्ये नंतर कॉटनवर खटला झाला आणि त्याला २०० पौंड दंड झाला.

छायाचित्रणाच्या इतिहासात कॉटनचे नाव वेगळ्याच कारणाने मोठे आहे. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी त्याने लॉकहीड १२ ए या प्रवासी विमानाच्या पोटात कॅमेरे लपवले आणि व्यापाराच्या निमित्ताने उडत जर्मनीतील लष्करी ठिकाणांचे फोटो काढले. उंचावर गारठ्याने लेन्सवर बाष्प साचे. विमानातली ऊबदार हवा लेन्सवरून खेळवून त्याने ही अडचण सोडवली. ब्रिटिश वायुदलाचा छायाचित्र-टेहळणी विभाग युद्धाच्या आरंभी त्याच्याच हाताखाली उभा राहिला. हवाई छायाचित्रणाच्या या आद्य जाणकाराने हैदराबादेत मात्र कुणाच्या दृष्टीस पडू नये अशाच वेळा निवडल्या.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी ‘ऑपरेशन पोलो’ सुरू झाले. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा या वाटेने निघाली. दुसऱ्या दिवशी ती बीदर जिल्ह्यातल्या राजेश्वरकडे वळली, तेव्हा वाटेवर दबा धरलेल्या मोर्चांची खबर हवाई टेहळणीतून मिळाली. टेम्पेस्ट विमानांनी हल्ले करून रस्ता मोकळा केला आणि दुपारपर्यंत राजेश्वर हाती आले. १७ सप्टेंबरच्या पहाटे फौज बीदरमध्ये शिरली. १८ सप्टेंबरला संस्थानाचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली.

या पाच दिवसांत परिसरातल्या लोकांना विमान दिसले ते लढाऊ रूपात. त्या वेळी उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले आणि बीदर, गुलबर्गा हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. मराठी बोलणारा एकसंध पट्टा असा दोन राज्यांत विभागला गेला. बीदरकडे भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी वस्ती राहिली.

शिकाऊ वैमानिकांचे आकाश

स्वातंत्र्यानंतर बीदरची धावपट्टी वायुदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाचे ठिकाण बनली. हैदराबादजवळच्या दुंडीगलला वायुदलाची अकादमी आणि बीदरला प्रशिक्षणाचा आणखी एक टप्पा, अशी ही रचना आहे. शिकाऊ विमानांचा दिनक्रम ठरलेला असतो. एकच विमान दिवसात अनेक वेळा उडते, धावपट्टीभोवती फेऱ्या घालते, चाके टेकवून पुन्हा वर जाते. त्यामुळे मोठ्या शहरांच्या तुलनेत बीदरकरांच्या डोळ्यांखालून गेलेल्या विमानांच्या जाती थोड्या असल्या, तरी त्या जातींचे दर्शन रोजचे झाले.

वायुदलाच्या प्रशिक्षणात पिढ्यान्पिढ्या वापरल्या गेलेल्या देशी विमानांचा एक धागा मराठी मुलखातून येतो. कोल्हापूर जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मुख्य अभिकल्पक झाले. त्यांनी आखलेले एचटी-२ हे विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले. भारतात आखलेले आणि बांधलेले ते पहिले यशस्वी शिकाऊ विमान. त्यांच्याच काळात किरण या जेट विमानाचा आराखडा झाला. त्याचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी वैमानिक सुरंजन दास यांनी केले. एचटी-२ ची जागा पुढे एचपीटी-३२ दीपक या विमानाने घेतली. त्याचे पहिले उड्डाण १९७७ चे. बीदरला वायुदलाची प्राथमिक उड्डाणशाळा होती आणि तिथे दीपक हे नवशिक्याचे पहिले विमान होते.

जमिनीवरून पाहणाऱ्याला या जाती आकाराने आणि आवाजाने वेगळ्या कळतात. दीपकला पुढे एक पंखा, खाली तीन स्थिर चाके आणि शिक्षक-विद्यार्थ्यासाठी शेजारीशेजारी दोन आसने. त्याचा आवाज घरघरता आणि एकसुरी. किरणमध्येही आसने शेजारीशेजारी आहेत. त्यामुळे त्याचे नाक रुंद आणि बोथट दिसते, पंख सरळ असतात आणि जेट इंजिन धडातच लपलेले असते. क्रमांकाच्या अक्षरावरूनही जात ओळखता येते : दीपकच्या क्रमांकाआधी ‘एक्स’, किरणच्या आधी ‘यू’. वायुदलाच्या विमानांचा इतिहास मांडणारे अभ्यासक याच क्रमांकांवरून एकेका विमानाचे आयुष्य जुळवत नेतात : कधी दाखल झाले, कोणत्या तळावर होते, केव्हा निवृत्त झाले.

दीपकचा शेवट दुःखद झाला. इंजिन हवेत बंद पडण्याच्या घटना वारंवार घडत होत्या. जुलै २००९ मध्ये दोन प्रशिक्षकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर हे विमान जमिनीवर आणले गेले ते कायमचेच. प्राथमिक प्रशिक्षणासाठी पुढे स्विस बनावटीची पिलाटस पीसी-७ विमाने दुंडीगलला आली.

सूर्यकिरण

वायुदलाचे हवाई कसरतींचे पथक बीदरला आले आणि ‘एअरफोर्स’ या नावाने गावाला ठाऊक असलेल्या तळाची ओळख देशभर झाली. याआधी वायुदलाकडे ‘थंडरबोल्ट्स’ हे पथक होते. १९८२ मध्ये वायुदलाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने उभे राहिलेले हे पथक हंटर विमाने उडवत असे आणि त्या दशकाच्या अखेरीस ते थांबले. २७ मे १९९६ रोजी विंग कमांडर कुलदीप मलिक यांच्या नेतृत्वाखाली ‘सूर्यकिरण’ची स्थापना झाली. बीदर हा त्याचा तळ आणि किरण मार्क २ हे त्याचे विमान. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोइमतूरच्या वायुदल प्रशासकीय महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवात सहा विमानांनी पहिले जाहीर प्रदर्शन केले. १९९८ मध्ये विमानांची संख्या नऊ झाली आणि २००६ मध्ये पथकाला ५२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचा दर्जा मिळाला.

सूर्यकिरणमुळे बीदरच्या आकाशात दोन गोष्टी नव्याने आल्या. पहिली रंग. तोवरची विमाने शिक्षणासाठी होती. ही लोकांनी पाहावीत म्हणूनच रंगवलेली होती. दुसरी रचना. नऊ विमाने एकमेकांपासून काही मीटरांवर राहून हिरा, बाण अशा आकृत्या करतात, उलटी होतात, फुटून वेगवेगळ्या दिशांना जातात आणि पुन्हा जुळतात. देशातल्या इतर शहरांना हे वर्षा-दोन वर्षांतून एकदा दिसते. बीदरला त्याचा सराव दिसतो : तीच रचना पुन्हापुन्हा, आधी थोड्या विमानांची, मग पूर्ण नवांची. नवा वैमानिक पथकात रुजेपर्यंतचे टप्पे बाहेरच्या प्रेक्षकाला कधीच दिसत नाहीत. बीदरला ते आकाशात उलगडतात.

या कलेची किंमतही बीदरने पाहिली आहे. मार्च २००६ मध्ये सरावात एक किरण कोसळून दोघे वैमानिक ठार झाले. जानेवारी २००९ मध्ये बीदरजवळच आणखी एक वैमानिक मृत्युमुखी पडला. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळूरच्या येलहंक्यात, ‘एअरो इंडिया’ या हवाई प्रदर्शनाच्या रंगीत तालमीत दोन विमानांची हवेत टक्कर होऊन विंग कमांडर साहिल गांधी यांचा मृत्यू झाला.

मधल्या काळात पथक बंदही राहिले. प्रशिक्षणासाठी विमाने कमी पडू लागली, म्हणून फेब्रुवारी २०११ च्या ‘एअरो इंडिया’नंतर सूर्यकिरणची किरण विमाने शिकवण्याच्या कामाला लावली गेली. २०१५ मध्ये हॉक विमानांवर पथकाची नव्याने बांधणी सुरू झाली आणि हळूहळू ते पुन्हा नऊ विमानांचे झाले. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हजारो कॅमेऱ्यांपुढे जे पथक उडाले, त्याचे घर बीदर.

हॉकचे आगमन

प्राथमिक विमानातून थेट अतिवेगवान लढाऊ विमानात बसणाऱ्या तरुण वैमानिकांचे अपघात ही वायुदलाची जुनी चिंता होती. ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट शिकाऊ विमानाची शिफारस केली होती. निर्णयाला बावीस वर्षे लागली. मार्च २००४ मध्ये ब्रिटिश बनावटीच्या ६६ हॉक विमानांचा करार झाला : २४ तयार घ्यायची आणि ४२ बंगळूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने बांधायची. २३ फेब्रुवारी २००८ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या उपस्थितीत हॉक मार्क १३२ वायुदलात दाखल झाले, ते बीदरलाच.

किरणला सरावलेल्या डोळ्याला हॉक लगेच निराळे दिसते. आसने एकामागे एक आणि मागचे उंच, त्यामुळे काचेचा घुमट पाठीकडे चढत जातो. नाक निमुळते, पंख मागे वळलेले. लांबी सुमारे साडेबारा मीटर, पंखांचा विस्तार दहा मीटरांच्या आत. क्रमांकाआधीचे अक्षर ‘ए’. जून २०१६ मध्ये दुंडीगलहून बाहेर पडलेल्या अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या भारताच्या पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिकांनी हॉकवरचे पुढचे शिक्षण बीदरलाच घेतले.

कायद्याचे कुंपण

इतकी विमाने रोज दिसत असूनही बीदरमध्ये विमान छायाचित्रणाची उघड परंपरा तयार झाली नाही, याचे कारण कायद्यात आहे. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यानुसार संरक्षण दलांची ठिकाणे ‘निषिद्ध स्थळे’ ठरतात आणि देशाच्या सुरक्षेला बाधक अशा हेतूने त्यांचे रेखाटन करणे किंवा फोटो काढणे हा गंभीर गुन्हा आहे. नागरी विमानतळांसाठी १९३७ च्या विमान नियमांतील १३ वा नियम होता : परवानगीशिवाय विमानतळावर किंवा उडत्या विमानातून फोटो काढू नयेत. १९३४ चा मूळ विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, तरी विमानतळावरचे छायाचित्रण परवानगीचा विषय असल्याची भूमिका जुनीच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या विभागांत वाटले, त्यामुळे लष्करी तळाच्या परिसरात वरून चित्रण करण्याची वाटही बंद आहे. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संरक्षण दलाच्या, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, विमानतळांवर ये-जा करताना प्रवासी विमानांच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेण्याचा आदेश दिला, तोही याच धोरणातला.

छंद आणि हेरगिरी यांतला फरक ओळखणे पोलिसांना नेहमी सोपे जात नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधील कालामाता येथे ब्रिटिश आणि डच विमानप्रेमींना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. शिक्षा झाली आणि वर्षभराने अपिलात ते सुटले. फेब्रुवारी २०१० मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलातून विमानांच्या नोंदी घेणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना पकडले गेले आणि दंडावर त्यांची सुटका झाली. ज्या देशांत विमानतळांवर छंदिष्टांसाठी खास सज्जे बांधले जातात, तिथली सवय भारतात अडचणीत आणू शकते.

या कुंपणाचा परिणाम असा झाला की बीदरच्या विमानांचे उत्तम फोटो बहुतेक बीदरबाहेर काढले गेले. १९९६ पासून येलहंक्यात भरणारे ‘एअरो इंडिया’ प्रदर्शन, ८ ऑक्टोबरचा वायुदल दिन आणि शहरोशहरी होणारी सूर्यकिरणची प्रात्यक्षिके येथे कॅमेऱ्याला आमंत्रण असते. तळावर काढलेली चित्रे वायुदलाच्या स्वतःच्या छायाचित्रकारांची किंवा परवानगी घेऊन आलेल्या पत्रकारांची. १९७४ पासून पुष्पिंदर सिंग यांनी चालवलेल्या ‘वायू’सारख्या नियतकालिकांनी अशी चित्रे वाचकांपर्यंत नेली. ज्या गावाने ही विमाने सर्वाधिक पाहिली, त्या गावाच्या वाट्याला छायाचित्रांपेक्षा आठवणीच अधिक आल्या.

नागरी विमानांचे पर्व

हे चित्र २०१९ पासून बदलू लागले. कलबुर्गी शहराजवळ श्रीनिवास सरडगी येथील विमानतळाची पायाभरणी २००८ मध्ये झाली होती. काम दहा वर्षांहून अधिक रेंगाळले. ऑगस्ट २०१८ मध्ये लहान शिकाऊ विमाने चाचणीसाठी उतरली आणि २२ नोव्हेंबर २०१९ रोजी मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्या दिवशी बंगळूरहून आलेले पहिले विमान स्टार एअरचे होते. ही कंपनी कोल्हापूर जिल्ह्यातल्या संजय घोडावत समूहाची. पन्नास आसनांचे एम्ब्रायर १४५ हे तिचे विमान लांब, सडपातळ असते. इंजिने शेपटीजवळ आणि शेपटीचा आकार इंग्रजी ‘टी’सारखा. धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब असल्याने याहून मोठी विमानेही येथे उतरू शकतात.

बीदरची गोष्ट वेगळी होती. धावपट्टी तयार असूनही प्रवासी सेवा अडली होती, कारण हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाच्या करारात हवाई अंतराने १५० किलोमीटरच्या आत दुसऱ्या विमानतळाला आडकाठी होती. तोडगा निघाला तो असा की हैदराबादचा विमानतळ चालवणाऱ्या जीएमआर समूहानेच बीदरची प्रवासी इमारत चालवावी. लहान शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेखाली ७ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रूजेट कंपनीची बंगळूर-बीदर सेवा एटीआर ७२ विमानाने सुरू झाली. दीड महिन्यात करोनाची टाळेबंदी आली. पुढे ट्रूजेट बंद पडली, स्टार एअर आली, थांबली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. विमान पाहणाऱ्याच्या दृष्टीने या सेवेचे महत्त्व तिच्या फेऱ्यांच्या संख्येपेक्षा मोठे होते : बीदरच्या धावपट्टीवर सामान्य माणूस प्रथमच तिकीट काढून पोहोचला.

कलबुर्गीत आणखी एक भर पडली. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने उड्डाणशाळांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, जळगाव, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर कलबुर्गी होते. एशिया पॅसिफिक आणि रेडबर्ड या संस्थांची एक-दोन इंजिनांची लहान विमाने तिथे दिवसभर फेऱ्या घालू लागली. बीदरच्या शिकाऊ विमानांचे दृश्य जणू कलबुर्गीत नागरी रूपात आले. या विमानांच्या अंगावर ‘व्हीटी’ ही भारताची नोंदणी-अक्षरे आणि पुढे तीन अक्षरे असतात. नागरी नोंदणी सार्वजनिक असल्याने त्यांवरून विमानाची जात आणि मालक शोधता येतो. मोबाइलवरच्या उड्डाणनकाशांवरही नागरी विमाने दिसतात. लष्करी विमाने तिथे सहसा दिसत नाहीत, म्हणून बीदरमध्ये आजही कानच पहिली वर्दी देतात.

प्रकाश, वारा आणि उन्हाची झळ

या भागात विमान टिपण्याचे तंत्र भूगोलाने ठरते. कलबुर्गीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला राहतो, त्यामुळे दक्षिण बाजूच्या सार्वजनिक जागेतून विमानाच्या अंगावर पडलेला उजेड मिळतो आणि उत्तरेकडून फक्त काळी आकृती दिसते. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य येथे किंचित उत्तरेला असतो, तेव्हा हा हिशेब उलटतो. विमान वाऱ्याच्या तोंडाने उतरते. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो म्हणून विमान पूर्वेकडून उतरायला येते. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असला की पश्चिमेकडून.

मार्च ते मे या महिन्यांत बीदरचा जांभा आणि कलबुर्गीची काळी माती दोन्ही तापतात. जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून विमानाच्या कडा वितळल्यासारख्या दिसतात. यावर यंत्राचा उपाय नाही. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास किंवा पावसाने धुतलेली ऑगस्ट-सप्टेंबरची हवा गाठावी लागते. जेट विमानासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद शटर चालतो. पंख्याच्या विमानाला तोच वापरला तर पंखा गोठून विमान हवेत अडकल्यासारखे दिसते, म्हणून शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास आणून कॅमेरा विमानाबरोबर फिरवावा लागतो. सूर्यकिरणच्या रचनेत एका विमानावर नेम धरून चालत नाही. मधल्या विमानावर फोकस ठेवून नऊही सामावतील इतकी चौकट सैल ठेवली जाते, कारण रचना फुटण्याचा क्षण कॅमेऱ्याला आधी कळत नाही.

नोंदींचे स्वरूप

या दोन जिल्ह्यांच्या विमान-इतिहासाची साधने अशी तीन थरांत विभागलेली आहेत. १९४८ पर्यंतचा थर मुख्यतः कागदपत्रांचा आहे : लष्करी वृत्तांत, खटल्याच्या नोंदी, तत्कालीन मुत्सद्द्यांची आत्मकथने. दीपक, किरण आणि हॉक यांचा थर वायुदलाच्या अधिकृत चित्रांचा, प्रदर्शनांत काढलेल्या फोटोंचा आणि क्रमांकांवरून जुळवलेल्या याद्यांचा. २०१९ नंतरचा थर पहिल्यांदाच सामान्य नागरिकांचा आहे. पहिल्या दिवशी उतरलेले एम्ब्रायर, बीदरला आलेले पहिले एटीआर, उड्डाणशाळांची लहान विमाने हे सारे प्रवाशांच्या आणि पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये टिपले गेले. ट्रूजेटसारखी कंपनी दोन वर्षांत दिसेनाशी झाली, तेव्हा अशा साध्या फोटोंनाही दस्तऐवजाचे मोल आले. तारीख, ठिकाण आणि विमानाचा नोंदणी क्रमांक या तीन गोष्टी सोबत लिहिलेल्या असतील, तर असा फोटो पुढच्या अभ्यासकाला वापरता येतो. त्या नसतील तर तो केवळ विमानाचा फोटो राहतो.